डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांमध्ये जेवायचं कसं: बुकिंगपासून बिलापर्यंत सगळं

ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं की घरात राइड्सचं प्लॅनिंग सुरू होतं, कुठली सकाळी, कुठली रात्री, कोणाची उंची किती, आणि जेवणाचं काय असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बघू तिथे, मिळेल काहीतरी." मिळतं, नाही असं नाही. फक्त ते दुपारी एक वाजता, कडक उन्हात, एक पोर खांद्यावर झोपलेलं आणि दुसरं भोकाड पसरून बसलेलं असताना शोधावं लागतं.

आमचा पहिला दिवस असाच गेला. साडेबाराला सगळ्यांना एकदम भूक लागली, डिस्नेचं अ‍ॅप उघडलं तर जवळच्या काउंटरचा पहिला मोकळा स्लॉट दोन वाजून दहा मिनिटांचा. घेतला. दोन वाजता जाऊन टेबल धरून बसलो, दहा मिनिटं, वीस मिनिटं, सासूबाई विचारतायत "अगं आपला नंबर लागलाय ना नक्की?", आणि मी ठामपणे हो म्हणतेय. नंतर कळलं की पोचल्यावर अ‍ॅपमधलं एक बटण दाबायचं असतं, ते मी दाबलंच नव्हतं, त्यामुळे किचनने आमचं जेवण करायलाच घेतलं नव्हतं. चूक शंभर टक्के माझी. त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला की दिवसातलं एक तरी जेवण पार्कच्या बाहेर, हॉटेलमधल्या साध्या रेस्टॉरंटमध्ये, आणि तेही भूक लागायच्या आधी ठरवून. ते कसं जमवायचं ते सविस्तर सांगते.

आधी जागेचा अंदाज घ्या

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे. 1971 मध्ये मॅजिक किंगडम उघडलं, 1982 ला एपकॉट, 1989 ला आता ज्याला हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि 1998 ला अ‍ॅनिमल किंगडम. या चार पार्कांच्या आजूबाजूला डिस्नेची पंचवीसच्या वर हॉटेलं आहेत, तिकडे सगळे त्यांना रिसॉर्टच म्हणतात. आणि बऱ्याच लोकांना माहीत नसलेली गोष्ट ही की या हॉटेलांमध्ये जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही, तिथे राहत असायचीही गरज नाही. म्हणजे तुम्ही बाहेरच्या स्वस्त हॉटेलात उतरला असाल तरी चालतं. भाड्याची गाडी असेल तर गेटवर रिझर्वेशन दाखवायचं आणि ओळखपत्र द्यायचं, आत सोडतात. बुकिंग नसेल आणि गर्दीचा दिवस असेल तर गेटवरूनच परत पाठवू शकतात, तेव्हा उगाच "बघू तरी" म्हणून जाऊ नका.

हॉटेलात खायच्या जागा दोन प्रकारच्या. एक क्विक सर्व्हिस, म्हणजे काउंटरवरून घ्या आणि जागा शोधून बसा, मोठी असली की तिला फूड कोर्ट म्हणतात. दुसरी टेबल सर्व्हिस, वेटर येतो, मेन्यू देतो, शेवटी टिप द्यायची. ऑल-स्टार, पॉप सेंचुरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही व्हॅल्यू म्हणजे सगळ्यात स्वस्त गटातली हॉटेलं, तिथे फक्त फूड कोर्ट असतं. त्याच्या वरच्या बहुतेक हॉटेलांत दोन्ही. कपड्यांचं टेन्शन घेऊ नका, मोजकी महागडी रेस्टॉरंटं सोडली तर शॉर्ट्स आणि चपलांवर कोणी काही म्हणत नाही, घामेजलेले असाल तरी, कारण शेजारच्या टेबलावरचेही तसेच असतात.

बुकिंग: 60 दिवस आणि दुपारचा चहा

फूड कोर्टला बुकिंग नसतं. टेबल सर्व्हिसला असतं आणि ते 60 दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना फायदा असा की चेक-इनच्या 60 दिवस आधी ते आपल्या मुक्कामाचे, जास्तीत जास्त 10 दिवसांपर्यंतचे, सगळे दिवस एकाच फटक्यात बुक करू शकतात. बाहेर राहणाऱ्याला रोज एकेक दिवस मोजत बसावं लागतं. म्हणून डिस्नेत राहणार असाल तर ज्या जागेला सगळ्यात जास्त मागणी आहे ती मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत टाका, कारण त्या तारखा बाहेरच्यांसाठी अजून उघडलेल्याच नसतात.

ऑनलाइन बुकिंग फ्लोरिडाच्या वेळेने सकाळी 6 ला सुरू होतं. भारतातून करणार असाल तर उन्हाळ्यात ते आपले दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार, कारण तिकडे घड्याळ मागे-पुढे करतात. म्हणजे अमेरिकेतले लोक पहाटे डोळे चोळत उठतात आणि आपण चहा पीत आरामात करतो, याबाबतीत आपली मजा आहे. तारीख टाकताना मात्र लक्ष ठेवा, तिकडे महिना आधी लिहितात, 05/06 म्हणजे 6 मे, 5 जून नाही. कार्ड द्यावं लागतं. पैसे बहुतेक ठिकाणी लगेच कापत नाहीत, पण न सांगता गेला नाहीत तर साधारणपणे माणशी 10 डॉलर कापतात. दोन तास आधीपर्यंत रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी काही लागत नाही.

आता यातली खरी गंमत. दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं म्हणजे लोक करतातच, कोणी थकतं, कोणाचं पोर झोपतं. त्यामुळे महिनाभर फुल्ल दिसणारी जागा आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी जेवणाच्या दोन-तीन तास आधी अचानक मोकळी होते. 60 दिवस आधी मिळालं नाही म्हणून रडत बसू नका, या दोन वेळांना अ‍ॅप उघडून बघत राहा. तेही नाही जमलं तर अ‍ॅपमध्ये वॉक-अप वेटलिस्ट, म्हणजे बुकिंग नसलेल्यांची वाट बघायची यादी असते, रेस्टॉरंटच्या जवळ असाल तेव्हा नाव टाकता येतं, सगळ्या जागी आणि सगळ्या वेळी चालू नसते एवढंच.

बाळ असेल तर त्यालाही माणसांत मोजा. 3 वर्षांखालच्याला बुफेत पैसे पडत नाहीत, 3 ते 9 ला मुलांचा दर, 10 पूर्ण झाले की मोठ्यांचा दर. (आमचा मोठा दहाचा होता आणि नगेट्सच खाणार होता, तरी बुफेचे पूर्ण पैसे भरले, तेव्हा दहा वर्षांचं पोर असेल तर बुफेच्या ऐवजी मेन्यूवरून मागवता येईल अशी जागा धरा.)

जाऊन पोचणं हे वेगळंच प्रकरण

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. डिस्नेच्या बस पार्क ते हॉटेल अशा फुकट असतात, पण एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नाही. आधी कुठल्या तरी पार्कात किंवा डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागात जायचं आणि तिथून दुसरी बस पकडायची. यात सहज एक तास जातो. उशीर झाला तर पंधरा मिनिटं सांभाळून घेतात, त्यापुढे टेबल जाऊ शकतं. म्हणून जागा निवडताना आधी मेन्यू बघू नका, आधी त्या दिवशी तुम्ही कुठल्या पार्कात आहात ते बघा.

मॅजिक किंगडमला असाल तर काँटेम्पररी हॉटेल चालत दहाएक मिनिटांवर आहे. तिथे चौथ्या मजल्यावर हॉटेलच्या पोटातून मोनोरेल जाते, लहान मुलांना जेवणापेक्षा तेच बघायचं असतं. काउंटरवरचं काही घ्या, एसीत बसा, तासाभराने परत पार्कात जा, त्याच दिवशीच्या तिकिटावर पुन्हा आत सोडतात. त्याच हॉटेलात शेफ मिकीज आहे, मिकी आणि मंडळी टेबलापाशी येतात तो बुफे, पण तो रात्री मोठ्या माणसाला 60 डॉलरच्या वर जातो आणि तिथे तुम्ही जेवणाचे नाही, फोटोचे पैसे देताय हे मनाशी धरून जा, मग वाईट वाटत नाही. पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियनपण मोनोरेलवरच आहेत. वाइल्डरनेस लॉजला मॅजिक किंगडमच्या धक्क्यावरून बोट जाते, ती पाच-दहा मिनिटांची बोटच इतकी शांत असते की आमचं अर्धं पोट तिथेच भरलं.

एपकॉटला असाल तर मागच्या बाजूचं इंटरनॅशनल गेटवे नावाचं गेट शोधा, तिथून बीच क्लब हॉटेल चालत पोचता येतं. तिथे बीचेस अँड क्रीम म्हणून छोटंसं आइस्क्रीमचं दुकान-कम-बर्गरची जागा आहे, त्यांचं किचन सिंक नावाचं आइस्क्रीम म्हणजे आठ स्कूप, वर जेवढी टॉपिंग्ज असतील तेवढी सगळी आणि व्हिप्ड क्रीमचा अख्खा डबा. चार माणसांनी एक घ्या. दोघांनी घेऊ नका, मी सांगतेय. त्याच गेटवरून स्कायलायनर म्हणजे केबल कारपण निघते, 2019 ला सुरू झाली, ती रिव्हिएरा, कॅरिबियन बीच, पॉप सेंचुरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनला जोडते. बसची रडकथा चुकवून एका हॉटेलातून दुसऱ्यात जेवायला जायचं तर याच लाइनवरची हॉटेलं सोयीची. फक्त वीज-वादळ आलं की बंद करतात आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वादळ जवळजवळ रोजचंच.

फोनवरून ऑर्डर, बटणासकट

माय डिस्ने एक्सपिरियन्स हे अ‍ॅप घरूनच टाकून ठेवा आणि कार्ड त्यात आधीच सेव्ह करा, रांगेत उभं राहून सोळा आकडे टाकणं जमत नाही. वाय-फाय पार्कात आणि हॉटेलात फुकट असतं. फूड ऑर्डरमध्ये जाऊन जागा निवडायची, पदार्थ निवडायचे, नको असलेलं टॉपिंग काढायचं, मग पोचायची वेळ निवडायची आणि पैसे भरायचे. हे काम जेवायच्या वेळी करू नका, सकाळी नाश्ता करतानाच दुपारचं करून टाका. साडेअकरा ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते सात ही सगळ्यात वाईट वेळ, तेव्हा अकराचा स्लॉट घ्या किंवा सरळ अडीचचा, आणि मध्ये पोरांना काहीतरी चघळायला द्या.

मग पोचल्यावर, तिथे उभं राहून, 'आय अ‍ॅम हिअर, प्रिपेअर माय ऑर्डर' हे बटण दाबायचं. हेच ते बटण. दाबल्याशिवाय कोणी काही करायला घेत नाही. दाबलं की थोड्या वेळात मेसेज येतो आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगतात. एकाने बटण दाबून खिडकीपाशी जायचं आणि दुसऱ्याने टेबल पकडायचं, दोघं मिळून एकच काम करत बसू नका.

पाणी विकत घेऊ नका. जिथे कोल्ड्रिंकचं मशीन आहे अशा कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, वेगळं काही खरेदी केलं नाही तरी. हॉटेलांत रिफिलेबल मग विकतात, एकदा घेतला की मुक्कामभर कॉफी, चहा, कोल्ड्रिंक भरत राहायचं, त्याला चिप असते त्यामुळे मागच्या ट्रिपचा मग यावेळी फुकटात चालत नाही. पण तो हॉटेलांमध्येच चालतो, चार मुख्य पार्कांत नाही. दिवसभर पार्कात राहून फक्त झोपायला येणार असाल तर वसूल होत नाही. सकाळी दोन कप कॉफी लागणारा माणूस घरात असेल तर चार दिवसांत होतो.

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा

2019 पासून डिस्नेच्या मेन्यूवर हिरव्या पानाचं चिन्ह येतं. ते पान म्हणजे प्लांट-बेस्ड, मांस, दूध, अंडं, मध काहीच नाही. म्हणजे आपल्या शाकाहारापेक्षाही कडक. पान दिसलं की डोळे मिटून घ्या. गोंधळ दुसऱ्या बाजूने होतो, पान असलेला पदार्थ बऱ्याचदा सॉसेज किंवा बर्गरसारखाच दिसतो, आणि सासूबाई ताट पुढे ओढायलाच तयार नव्हत्या, मला काउंटरवरच्या मुलीला बोलवून त्यांच्यासमोर पुन्हा विचारायला लागलं.

पान नसलेल्या पदार्थात मात्र नावावर जाऊ नका. तिकडे 'व्हेजिटेबल सूप' म्हणजे भाज्यांचं सूप, शाकाहारी सूप असं नाही, खाली चिकनचा स्टॉक किंवा ब्रॉथ, म्हणजे चिकन उकळून काढलेलं पाणी, असू शकतो. भातही कधी स्टॉकमध्ये शिजवतात. बीन्समध्ये कधी बेकन, म्हणजे डुकराचं मांस असतं. सीझर ड्रेसिंगमध्ये मासा असतो, मार्शमेलोत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, आणि फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकनही तळलेलं असू शकतं. म्हणून "इज इट व्हेज?" असं विचारू नका, त्यांना वाटतं भाज्या आहेत का. "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग, नो ब्रॉथ" असं एकेक मोजून सांगा, लाज वाटू देऊ नका, तिथल्या लोकांना रोज शंभर जण विचारतात. अ‍ॅलर्जीसाठी तर वेगळा मेन्यूच असतो आणि टेबल सर्व्हिसमध्ये शेफ स्वतः येऊन बोलू शकतो. कांदा-लसूण नको असेल तर अडचण आहे, कारण सॉस आधीच बनवलेले असतात. अशा वेळी साधा पास्ता, बेक्ड बटाटा, फळं यावर भागवावं लागतं, पण "अ‍ॅलर्जी आहे" असं खोटं सांगू नका, ती माणसं ते फार सीरियसली घेतात आणि अख्खं किचन उगाच धावपळ करतं.

आणि या सगळ्यात एकच जागा निवडायची तर मी सनाआ निवडेन. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलाचे दोन भाग आहेत, जाम्बो हाऊस आणि किदानी व्हिलेज, सनाआ किदानीत आहे. जेवण आफ्रिकन, पण भारतीय चवीचा हात लागलेलं. तिथली ब्रेड सर्व्हिस सगळ्यात गाजलेली, पाच प्रकारच्या रोट्या, त्यात नान आणि कुलचा, आणि सोबत नऊ वाट्या चटण्या, लोणची, डिप्स. चार दिवस बर्गर-पिझ्झा खाल्ल्यावर समोर लोणचं आलं तेव्हा आमच्या टेबलावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. आणि काचेच्या बाहेर खरे जिराफ, झेब्रे फिरत असतात. म्हणून दुपारचं किंवा उजेड असतानाचं बुकिंग घ्या, अंधार पडला की काही दिसत नाही. ऑर्लँडोत जूनमध्ये सव्वाआठनंतर मावळतं, डिसेंबरात साडेपाचलाच. इथे मोनोरेल, बोट काही येत नाही, बसच, त्यामुळे अ‍ॅनिमल किंगडम पार्कच्या दिवशी ठेवा. जाम्बो हाऊसमध्ये बोमा नावाचा बुफे आहे, तो सकाळी आणि रात्री असतो, सूप भरपूर प्रकारची. तिथलं झेब्रा डोम नावाचं गोड सगळे उचलतात, पण त्यात आफ्रिकन क्रीम लिकर, म्हणजे दारू असते हे मुलांना द्यायच्या आधी माहीत असू द्या.

बिल आल्यावर

मेन्यूवरचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. डिस्नेचा बहुतेक भाग ऑरेंज काउंटीत येतो, तिथे सेल्स टॅक्स 6.5 टक्के. टेबल सर्व्हिसला टिप 18 ते 20 टक्के द्यायची पद्धत आहे आणि ती ऐच्छिक म्हणत असले तरी वेटरचा पगार त्यावरच चालतो, त्यामुळे टाळू नका. म्हणजे 100 डॉलरचं खाल्लं की साडेसहा टॅक्स आणि 18 टिप, साडेचोवीस वरचे. टेबलावर 6 किंवा जास्त माणसं असतील तर 18 टक्के ते स्वतःच बिलात घालतात. आजी-आजोबांना घेऊन गेलेल्या कुटुंबाचे सहज सहा होतात, आम्ही घाईत खालच्या रिकाम्या ओळीत पुन्हा टिप लिहिणारच होतो, नवऱ्याने वर 'ग्रॅच्युइटी' (म्हणजे टिपच) असा शब्द वाचला म्हणून वाचलो. सही करायच्या आधी तो शब्द शोधा. बुफेतही टिप असते, कारण पाणी-कोल्ड्रिंक आणून देणारा असतोच. फूड कोर्टला द्यावी लागत नाही.

क्विक सर्व्हिसला मोठ्यांचा एक पदार्थ साधारण 12 ते 17 डॉलरमध्ये येतो, कमी-जास्त होतं. पण प्लेट मोठ्या असतात. दोघांत एक प्लेट आणि वर एक साइड एवढ्यात आमचं व्हायचं. काउंटरवर मोठ्या माणसाने मुलांचं जेवण मागितलं तरी देतात, आजींसाठी आम्ही तेच घ्यायचो.

डायनिंग प्लॅन, म्हणजे डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांनी जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवायची योजना, याबद्दल सगळे विचारतात. 2024 पासून तो परत चालू झाला, दोन प्रकारचा. साध्या प्लॅनमध्ये रोज दोन क्विक सर्व्हिस जेवणं आणि एक स्नॅक, दुसऱ्यात एक टेबल, एक क्विक आणि एक स्नॅक; वर सांगितलेला रिफिलेबल मग दोन्हीत मिळतो. खोलीतल्या 3 वर्षांवरच्या सगळ्यांना आणि पूर्ण मुक्कामासाठीच घ्यावा लागतो, आणि टिप त्यात येत नाही. माझं मत विचाराल तर शाकाहारी आणि बेताचं खाणाऱ्या घराला तो परवडत नाही, कारण हिशोब महागड्या मांसाहारी डिश धरून बसतो आणि आपण पास्ता मागवतो. शेफ मिकीजसारखे, मिकी-मंडळी भेटणारे कॅरेक्टर बुफे तीन-चार करायचे असतील तर मात्र कागदावर मांडून बघा.

घरचा खाऊ पार्कात न्यायला परवानगी आहे, काचेची बाटली, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही, बाळाच्या खाण्याची काचेची छोटी बरणी चालते. हॉटेलच्या खोलीत छोटा फ्रिज असतो पण साध्या खोलीत मायक्रोवेव्ह नसतो, तो खाली फूड कोर्टमध्ये असतो, कोणीही वापरू शकतं. रात्रीचं उरलेलं बॉक्समध्ये बांधून मागा (बुफेतलं देत नाहीत), फ्रिजमध्ये टाका आणि सकाळी खाली जाऊन गरम करा. प्लॅन घेतला असेल तर उरलेली क्रेडिट्स, म्हणजे न वापरलेली जेवणं आणि स्नॅक, चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री संपतात, आम्हाला शेवटच्या दुपारी एका ओळखीच्या जोडप्याने अकरा स्नॅक शिल्लक म्हणून कुकीज आणि चिप्सच्या पिशव्या आणून दिल्या, त्या परतीच्या विमानात पुरल्या.